घास तेवढाच, कोकरं जास्त

ऑगस्ट 2020. स्कॉटलंडमधल्या लॅनार्कच्या लिलावात ‘डबल डायमंड’ नावाचं टेक्सेल जातीचं एक नर कोकरू उभं राहिलं आणि बोली थांबली साडेतीन लाख गिनींवर. म्हणजे 3,67,500 पौंड. त्या वेळच्या दराने साडेतीन कोटी रुपयांच्या घरात! एका मेंढ्याला इतकी किंमत तोवर जगात कुठेच आली नव्हती. तिघा खरेदीदारांनी मिळून ते कोकरू घेतलं.

त्याच वर्षी डिसेंबरात सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीच्या बाजारात ‘सर्जा’ नावाच्या माडग्याळी मेंढ्याला 70 लाखांची मागणी झाली. मालकाने ती नाकारली. माडग्याळ हे जत तालुक्यातलं गाव. तिथल्या मेंढ्याचं राघूच्या चोचीसारखं बाकदार नाक, लांब मान, उंच पाय आणि पांढऱ्या अंगावरचे तपकिरी डाग पाहिले की या जातीच्या शौकिनांची भूक का भागत नाही ते कळतं.

पण मेंढपाळाचं घर अशा बोलीवर चालत नाही. ते चालतं एका साध्या हिशेबावर: कळपाने वर्षभरात किती चारा खाल्ला आणि त्यातून किती किलो कोकरू विकायला उभं राहिलं? या हिशेबामागे माणसं गेली अडीचशे वर्षं लागली आहेत. त्यात मुलखावेगळी माणसं आहेत, विचित्र मेंढे आहेत आणि एक फार मोलाचा धागा थेट आपल्या फलटणला येऊन पोहोचतो.

विकायचा नाही, भाड्याने द्यायचा

इंग्लंडच्या लेस्टरशरमध्ये डिशली नावाच्या शेतावर रॉबर्ट बेकवेल (1725-1795) राहत होता. त्याच्या काळात मेंढी पाळायची ती मुख्यतः लोकरीसाठी, आणि म्हातारी झाली की खाण्यासाठी. बेकवेलने ठरवलं की लवकर वाढणारी, कमी खाऊन जास्त अंग धरणारी मेंढी तयार करायची. नर आणि माद्या वेगळ्या ठेवल्या, कोणता मेंढा कोणत्या मेंढीला लावायचा हे स्वतः ठरवलं, आणि जवळच्या नात्यात संकर करून हवे ते गुण पक्के केले. कापलेल्या मेंढ्यांचे सांगाडे आणि खारवलेले मांसाचे तुकडे तो घरात जपून ठेवायचा, पुढच्या पिढीशी ताडून पाहण्यासाठी.

त्याची खरी हुशारी मात्र भाड्यात होती. चांगला मेंढा तो विकत नसे, हंगामापुरता भाड्याने देत असे. पैसे मिळत, ते तर झालंच. पण पुढच्या वर्षी त्या त्या शेतावर जाऊन त्या मेंढ्याची कोकरं कशी निघाली तेही पाहता येई. ज्याची कोकरं सरस, तो मेंढा परत घरच्या कळपावर! आज जगभर ज्याला संततीवरून केलेली पारख म्हणतात, ती अठराव्या शतकात हा शेतकरी भाड्याच्या पावतीवर करत होता. ‘टू पाउंडर’ हा त्याचा सर्वांत गाजलेला मेंढा. 1783 मध्ये डिशली सोसायटी निघाली आणि मेंढे भाड्याने देण्याचे नियमच ठरले.

दोन भाऊ, वजन सारखं, भूक वेगळी

एकाच वयाची दोन कोकरं घ्या. दोघांचं वजन 20 किलो, दोघंही रोज सारखीच वाढतात. तरी एकाला रोज 800 ग्रॅम चारा लागतो आणि दुसऱ्याचं 700 ग्रॅममध्ये भागतं, असं खरोखर होतं. वाढीवर आणि वजनावर जेवढं खाणं अपेक्षित आहे, त्यापेक्षा जनावर किती कमी किंवा जास्त खातं, हे मोजण्याची कल्पना 1963 मध्ये अमेरिकेत गायीगुरांच्या संशोधनातून पुढे आली. नंतर ती मेंढ्यांमध्येही आली. इथेच घोडं पेंड खातं, कारण वजन काट्यावर दिसतं, खाणं दिसत नाही. कोण किती खातं हे कळायला प्रत्येक कोकराच्या कानात इलेक्ट्रॉनिक बिल्ला लागतो आणि कोकराने तोंड घातलं की बिल्ला वाचून घासाघासाचं वजन नोंदवणारी गव्हाण लागते. असं कित्येक आठवडे मोजावं तेव्हा कुठे एका मेंढ्याची भूक कळते.

म्हणूनच बहुतेक ठिकाणी आधी वाढ मोजतात. कोकराच्या वजनातल्या फरकाचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा आईबापांकडून रक्तात आलेला असतो, बाकी चारा, दूध, हवापाणी आणि निगा. पाचवा हिस्सा थोडा वाटतो, पण दर पिढीला तो साठत जातो. चारा आज घातला तर आजचं कोकरू वाढतं. चांगलं रक्त एकदा कळपात आलं की नातवंडांनाही मिळतं.

दुधाची आडवाट

मेंढीच्या पोटाचे चार कप्पे असतात हे शाळेत शिकलेलं असतं. पण कोकरू आईला पितं तेव्हा दूध पहिल्या मोठ्या कप्प्यात जातच नाही. अन्ननलिकेच्या टोकाशी एक खाच असते, ती मिटून नळी होते आणि दूध सरळ चौथ्या कप्प्यात उतरतं. आंबवणं नाही, वायूत नासाडी नाही. साधारण पाच लिटर दुधावर कोकरू एक किलोने वाढतं. आयुष्यात इतक्या काटकसरीने ते पुन्हा कधीच वाढत नाही.

चरबी महाग पडते

स्नायूत जवळजवळ तीन चतुर्थांश पाणी असतं, चरबीत ते अगदी थोडं. त्यामुळे एक किलो मांस धरायला जेवढी ऊर्जा लागते, त्याच्या कितीतरी पट एक किलो चरबी धरायला लागते. कोवळं कोकरू मांस धरतं, थोराड मेंढा चरबी. नर कोकरू मादीपेक्षा लवकर आणि कमी चरबीने वाढतं. म्हणून ‘अजून दोन महिने ठेवू, वजन भरेल’ हा विचार एका मर्यादेनंतर तोट्याचा होतो. वजन भरतं खरं, पण दर किलोला चारा आधीपेक्षा जास्त जातो.

बापाकडूनच मिळणारा पुठ्ठा

1983 मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमात डॉर्सेट जातीचा एक मेंढा जन्मला. नाव ‘सॉलिड गोल्ड’. त्याचा पुठ्ठा आणि मांड्या पैलवानासारख्या भरलेल्या होत्या. त्याच्या वंशातल्या अशा कोकरांच्या मागच्या भागात सुमारे 30 टक्के जास्त स्नायू, अंगात चरबी कमी, आणि खाणंही कमी! सगळ्यांना वाटलं, सोनंच हाती लागलं.

मग आनुवंशिकतेने आपला हिसका दाखवला. हा गुण बापाकडून आला तरच दिसतो, आईकडून आला तर दिसत नाही. आणि दोघांकडूनही आला, तरी दिसत नाही! 1996 मध्ये शास्त्रज्ञांनी हे कोडं जगापुढे मांडलं. सस्तन प्राण्यांत अशी तऱ्हा आधी कुणी पाहिली नव्हती. त्याहून मोठी अडचण ताटात होती. या मेंढ्यांचं मांस चिवट निघालं. कमी खाऊन जास्त मांस देणारा हा मेंढा बाजारात टिकला नाही.

टेक्सेलचं नशीब चांगलं. नेदरलँड्सच्या टेक्सेल बेटावरची ही जात मुळातच मांसल. 2006 मध्ये बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठाच्या गटाने त्यामागचं एक मोठं कारण शोधलं. स्नायूंच्या वाढीला लगाम घालणारं एक जनुक असतं, आणि टेक्सेलमध्ये डीएनएच्या एकाच अक्षराच्या बदलाने तो लगाम सैल पडलेला असतो. ‘डबल डायमंड’ याच जातीचा.

दक्षिण आफ्रिकेची डॉर्पर ही तिसरी तऱ्हा. 1930 च्या दशकात इंग्लंडचा डॉर्सेट हॉर्न आणि काळ्या तोंडाची पर्शियन मेंढी यांच्या संकरातून ती कोरड्या मुलखासाठी घडवली. कोकरू साडेतीन-चार महिन्यांत 36 किलोपर्यंत जातं आणि लोकर बरीचशी आपोआप गळते. कातरण्याची मजुरीही लोकर विकून निघत नाही अशा काळात हा गुण फार मोठा आहे.

सुंदरबन ते फलटण, व्हाया सिडनी

आता या सगळ्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट.

बंगालच्या सुंदरबनात गरोल नावाची मेंढी आहे. पूर्ण वाढलेल्या मादीचं वजन जेमतेम 10 ते 14 किलो, आपल्याकडच्या तीन-चार महिन्यांच्या कोकराएवढं. गुडघाभर पाण्यात आणि चिखलात उभी राहून चरते. बाजारात तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहणार नाही. पण ती एका वेताला सर्रास जुळी देते, कधी तिळीही.

अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याहून निघालेल्या जहाजांतून बंगालच्या मेंढ्या ऑस्ट्रेलियात पोहोचल्या. तिथे त्या इतर मेंढ्यांत मिसळून दिसेनाशा झाल्या. पुढे न्यू साउथ वेल्समध्ये कूमाजवळच्या ‘बुरूला’ नावाच्या शेतावर सीअर्स बंधूंनी जुळी-तिळी देणाऱ्या मेरिनो मेंढ्या निवडून वेगळ्या राखायला सुरुवात केली. 1958 मध्ये त्यांनी एका वेतात पाच जन्मलेल्यांपैकी एक मेंढा तिथल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेला दिला. हेलन न्यूटन टर्नर या आनुवंशिकशास्त्रज्ञ बाईंनी त्या कळपाचं मोल ओळखलं. पुढे कळलं की हा गुण एकाच मोठ्या जनुकाचा आहे. आणि 2001 मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी ते जनुक जवळजवळ एकाच वेळी पकडलं. डीएनएच्या एका अक्षराचा बदल, आणि मेंढीच्या अंडाशयात एकाऐवजी दोन-तीन अंडी पिकायला लागतात. पाठोपाठ गरोल मेंढीचं रक्त तपासलं, तर नेमका तोच बदल! चिखलातल्या त्या बुटक्या मेंढीचा वारसा ऑस्ट्रेलियाच्या मेरिनोत दोनशे वर्षं जिवंत राहिला होता.

इकडे सातारा जिल्ह्यात फलटणला बनबिहारी निंबकरांनी 1968 मध्ये निंबकर कृषी संशोधन संस्था काढली होती. जनुकाचा पत्ता लागायच्या आधीच, नव्वदच्या दशकात, या संस्थेने गरोल मेंढ्या फलटणला आणून दख्खनी मेंढीशी संकर सुरू केला होता. या कामाची धुरा बनबिहारींची मुलगी डॉ. चंदा निंबकर यांनी वाहिली. आई जाई निंबकर लेखिका, आजी इरावती कर्वे. घरात माणसांच्या वंशांचा अभ्यास झाला होता, नातीने मेंढ्यांचा केला.

विचार साधा होता. दख्खनी मेंढी आपल्या कोरड्या माळाची, काटक, रोज मैलोन्‌मैल चालणारी, 25 ते 30 किलोची. पण एका वेताला एकच कोकरू. गरोल जुळी देते, पण अंगाने एवढीशी. थेट संकर केला तर जुळी होतील, पण किरकोळ, आणि खाटीक भाव देणार नाही. म्हणून गरोलचं ते एक जनुक तेवढं ठेवायचं आणि बाकी अंगपिंड पुन्हा पुन्हा दख्खनीकडे न्यायचा. कर्नाटकातल्या मांसल बन्नूर मेंढीचाही हात लागला. जनुक सापडल्यावर काम सोपं झालं. रक्ताचा थेंब तपासला की कोणत्या कोकरात ते आहे हे जन्मतःच कळायला लागलं. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि ऑस्ट्रेलियातल्या संस्था या कामात सोबत होत्या. यातून उभी राहिली ‘नारी सुवर्णा’ मेंढी.

आकडा ऐका. जनुकाची एक प्रत असलेली मेंढी जन्माच्या वेळी सरासरी अर्धं कोकरू जास्त देते. त्यातली काही दगावतात, म्हणून तीन महिन्यांची होईपर्यंत हा फायदा मेंढीमागे साधारण चार दशांश कोकरावर येतो. शंभर मेंढ्यांच्या कळपात चाळीस कोकरं जास्त.

आणि चारा? 30 किलोची मेंढी दिवसाला सुमारे किलोभर सुका चारा खाते, वर्षाला साडेतीनशे किलोच्या पुढे. एक कोकरू दिलं तरी, दोन दिली तरी आणि भाकड राहिली तरी तिच्या नुसत्या जगण्याचा हा खर्च चुकत नाही. मांसासाठी पाळलेल्या कळपात निम्म्याहून जास्त चारा आयांच्या पोटात जातो, कोकरांच्या नाही. म्हणून कोकराची वाढ दहा टक्क्यांनी वाढवण्यापेक्षा आईमागे एक कोकरू जास्त जगवणं चाऱ्याच्या हिशेबात पुष्कळदा सरस ठरतं. जुळी पोटात असलेल्या मेंढीला शेवटच्या दीड महिन्यात आणि दूध पाजताना भरडा, पेंड थोडी जास्त लागते, हे खरं. ती दिली नाही तर कोकरं किडमिडी जन्मतात आणि फायदा जागच्या जागी संपतो.

तिळं मात्र नको असतं. वाडा, म्हणजे कळपाचा मुक्काम, हलवताना नुकती जन्मलेली कोकरं घोड्याच्या पाठीवर सामानासोबत न्यावी लागतात, आणि आईच्या कासेला सड दोनच. म्हणून मेंढपाळांना असा मेंढा द्यायचा, ज्याच्यात जनुकाच्या दोन्ही प्रती आहेत. त्याच्या प्रत्येक लेकीला एक प्रत हमखास मिळते आणि बहुतेक वेतं एक-दोनवर थांबतात.

न्यूझीलंडच्या ‘इन्व्हरडेल’ मेंढ्यांमधलं वेगळं जनुक तर जपूनच वापरावं लागतं. एक प्रत असली तर जास्त कोकरं, दोन प्रती असल्या तर मेंढी कायमची वांझ!

ढेकर मोजणारी पेटी

मेंढीने खाल्लेल्या चाऱ्यातली सुमारे 6 टक्के ऊर्जा मिथेन वायू होऊन तोंडावाटे निघून जाते. मेंढपाळाचंही नुकसान आणि हवेचंही. न्यूझीलंडमध्ये ट्रेलरवर हवाबंद पेट्या लावून त्या शेतोशेती नेतात. एकेक मेंढी पाऊण तासभर पेटीत उभी करायची आणि तिने किती वायू सोडला ते मोजायचं. तीन पिढ्या निवड केल्यावर कमी वायू आणि जास्त वायू सोडणाऱ्या कळपांत दहा टक्क्यांच्या आसपास फरक पडला. कमी वायू सोडणाऱ्या मेंढ्यांच्या पोटाचा पहिला कप्पा लहान निघाला आणि चारा त्यातून लवकर पुढे सरकतो असं दिसलं.

मेंढ्या निम्म्या, मटण जवळजवळ तेवढंच

त्याच देशाची ही दुसरी कमाल. 1990 मध्ये न्यूझीलंडमध्ये 5 कोटी 80 लाखांच्या आसपास मेंढ्या होत्या. आज त्या अडीच कोटींहूनही कमी आहेत. पण कोकरांच्या मांसाचं उत्पादन त्या मानाने थोडंच घटलं. तेव्हा शंभर मेंढ्यांमागे शंभरेक कोकरं मिळत, आता 130 च्या आसपास. तेव्हा कापलेल्या कोकराचं वजन सरासरी 14 किलो, आता 18 च्या पुढे. कुरणं सुधारली, निगा सुधारली, आणि त्याबरोबर वर्षानुवर्षं मेंढे निवडले गेले ते वहीतल्या आकड्यांवर.

आपल्याकडे उलटी निवड

महाराष्ट्रात 2019 च्या पशुगणनेत सुमारे 27 लाख मेंढ्या होत्या. बहुतेक धनगर वाड्यांवर, माळरानावर आणि शेतात बसवलेल्या कळपांत. या लोकांइतकं मेंढीचं ज्ञान कुणालाच नाही. शेकड्याच्या कळपात कोणतं कोकरू कोणत्या मेंढीचं हे ते अंधारातही सांगतात. पण पैशाची नड त्यांच्याकडून एक घातक गोष्ट करून घेते. पैसे लागले की सर्वांत भरलेलं नर कोकरू आधी बाजारात जातं, कारण त्यालाच भाव येतो. मागे राहतं ते सावकाश वाढणारं, आणि तेच पुढे कळपाचा मेंढा होतं. अशा कळपात दर पिढीला वाढ मंदावते, कुणाचीही चूक नसताना.

मेंढी वर्षाला एखादं कोकरू देते. मेंढा 25-30 मेंढ्या फळवतो. म्हणजे सुधारणा करायची तर ती मेंढ्यापासून, आणि खर्चही तिथेच सर्वांत कमी. एक स्प्रिंगचा काटा, एक पोतं, एक वही. कोकराला पोत्याच्या झोळीत बसवायचं, पाय बाहेर लोंबू द्यायचे, काट्याला टांगायचं, ते निवांत झालं की आकडा वाचायचा. जन्माला एकदा आणि तीन महिन्यांनी एकदा. वहीत कानातल्या बिल्ल्याचा नंबर, आईचा नंबर, एकटं की जुळं. जुळ्यातलं कोकरू एकट्यापेक्षा हलकं असतं, कारण दूध वाटून गेलेलं असतं. म्हणून जुळ्याची तुलना जुळ्याशीच करायची. नाहीतर जुळी देणाऱ्या मेंढीचं रक्त आपल्याच हाताने कळपाबाहेर जातं.

भरभर वाढणाऱ्या कोकरावर आंत्रविषार हा रोग सर्वांत आधी झडप घालतो. खुराक वाढवायच्या आत लस टोचून घ्या. मेंढा दोन वर्षांनी बदला, म्हणजे तो स्वतःच्या लेकींना फळवणार नाही. शेजारच्या वाड्याशी अदलाबदल केली तरी चालेल.

आणि येत्या हंगामात जुळ्यातलं सर्वांत जड नर कोकरू व्यापारी दारात आला तरी विकू नका. दुसरं द्या, दोन द्या, पण ते एक कळपात राहू द्या.